शेऱ्यातला नळ

“कोन ह्यो अपूर्व? दात तरी आलेत का त्याला? त्याला नल. आनि माजं नाव त्याच्या पत्राखाली, मुंगीयेवढ्या अक्षरात.”

ही कुरकुर कुमुदच्या कानाशीच झाली, कारण तिचं टेबल आणि अर्जदारांचा बाक यांच्यामध्ये प्लायवूडचं एक फळकूट तेवढं होतं. पनवेलच्या खाडीकाठ नळजोडणी मंडळात गोपनीयता त्या फळकुटाच्या जाडीएवढी होती. कुमुदनं वाकून पाहिलं. बाकावर वेणूआजी घरत बसली होती, करंजाड्याच्या मागे नाल्यापलीकडच्या गावठाणातली. नळाच्या अर्जासाठी ती इतक्या वेळा येऊन गेली होती की शिपाई तिला विचारल्याशिवाय पंखा लावत नसे.

अपूर्वला दात आले नव्हते, हे कुमुदला खात्रीनं माहीत होतं. अपूर्व तिच्याच बिल्डिंगचे सेक्रेटरी इंद्रजीत यांचा मुलगा. परवाच त्याला टिटवाळ्याच्या गणपतीला नेऊन आणलं होतं आणि लिफ्टमध्ये त्यानं कुमुदच्या पदराला लाळ लावली होती.

कुमुद मंडळात कंत्राटी संगणक साहाय्यक होती. पन्नाशीला टेकल्यावर माणसं गुडघ्यांना तेल लावायला लागतात. ती प्रोग्राम लिहायला लागली. लेक प्रांजल नोकरीसाठी बंगळुरूला गेली ती जुना लॅपटॉप मागे ठेवून, आणि कुमुदनं लसूण सोलता सोलता, व्हिडिओ बघत, आपलं आपण सगळं शिकून घेतलं. डिग्री नव्हती, पण पोळी करपायच्या आत व्हिडिओ थांबवायचा हात बसला होता. त्या शिक्षणाचं फळ म्हणजे ‘जलदूत’. हे नाव साहेबांनी ठेवलं. उद्घाटनाला लॅपटॉपला हार घातला, शेजारी नारळ फोडला, आणि त्याचं पाणी उडून कीबोर्डाची दोन बटणं कायमची चिकट झाली.

जलदूताचं काम अगदी साधं. रोज सकाळी मंजूर अर्जांची यादी त्याच्या तोंडाशी धरायची. त्यानं एक नाव वाचायचं, ‘लेखनिक’ नावाच्या दुसऱ्या प्रोग्रामला उठवायचं आणि सांगायचं, बाबा रे, ह्यांचं जोडणीपत्र काढ. पत्र निघालं की पुढचं नाव. वशिलेबाजी नको म्हणून यादी अ आ इ ईप्रमाणे लावायची, ही कल्पना कुमुदचीच. आणि एका रविवारी बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये, कौतुकाच्या भरात, ती कल्पना तिनं इंद्रजीतना समजावूनही सांगितली होती. सोसायटीनं दुसऱ्या नळाचा अर्ज सेक्रेटरींच्या तान्ह्या मुलाच्या नावानं का केला असावा, हे कोडं सुटायला तिला फारसे कष्ट पडले नाहीत.

जलदूत सुरू झाल्यापासून मंडळाचं प्रलंबित काम शून्यावर आलं होतं. रोज यादी जाई, आणि चहा यायच्या आत पडद्यावर अक्षरं उमटत: ‘काम पूर्ण. त्रुटी नाही. प्रलंबित शून्य.’ उपअभियंता विश्वजीत साहेब ती अक्षरं उभं राहून वाचत. इतकी वर्षं ज्या कामाला माणसांचं अख्खं कार्यालय पुरलं नाही, ते एका गृहिणीनं चुटकीसरशी केलं, असं ते भाषणात सांगत, आणि कुमुद घरी जाऊन नवऱ्याला ते भाषण जेवणात तोंडी लावायला वाढत असे.

आता तिनं अपूर्वचं पत्र पडद्यावर काढलं. वरती जोडणी मंजूर, चि. अपूर्व. आणि खाली ‘शेरा’ या चौकटीत आशालता, कोमल, बळीराम, बुधाजी, मितेश, वेणू घरत, अशी त्या दिवसाची उरलेली सगळी यादी आडनावांसकट दाटीवाटीनं उभी होती. तिनं आदल्या दिवसाचं पत्र काढलं. तसंच. त्याच्या आदल्या दिवसाचं. तसंच. रोज पहिल्याला नळ आणि बाकीचे शेऱ्यात.

भाजी लागल्याचा वास बाहेरच्या खोलीत पोचायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळानं कुमुदला समजलं. लेखनिक हा जुना प्रोग्राम. त्याच्यापुढे कारकून बसत असत तेव्हाची त्याला सवय होती, की पत्र लिहून झालं की विचारायचं, “शेरा?” आणि समोरून जे येईल ते, येणं थांबेपर्यंत, उतरवून घ्यायचं. दोष त्याचा नव्हताच. त्याला उठवताना त्याच्या तोंडाला कुठली नळी द्यायची, हे कुमुदनं सांगितलं नव्हतं. आणि संगणकाच्या राज्यात असा रिवाज आहे, की काही सांगितलं नाही तर बोलावलेल्याला बोलावणाऱ्याचीच नळी मिळते. जलदूत ज्या नळीतून यादी पीत होता, तीच लेखनिकाच्या ओठाला लागली. त्यानं विचारलं, शेरा? आणि नळीतून अख्खं गाव आलं. त्यानं ते इमानानं पिऊन टाकलं. जलदूतानं पुढच्या नावासाठी तोंड लावलं तर यादी संपलेली. संपलेली यादी म्हणजे उरकलेलं काम. त्यानं लिहून टाकलं, प्रलंबित शून्य.

इतकं सुंदर शून्य आपण केलं, याचं कुमुदला क्षणभर कौतुकसुद्धा वाटलं. मग फळकुटापलीकडून पुन्हा कुरकुर आली, आणि ती उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

विश्वजीत साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“त्रुटी किती दाखवतोय?”

“शून्य, सर. पण चूक झाली हे त्याला कळलेलंच नाही.”

“प्रोग्रामला कळलं नाही. मंडळाला कळलं नाही. मग कळलं कोणाला?”

“मला.”

“कुमुदताई,” साहेब समजुतीनं म्हणाले, “तुम्ही कंत्राटी आहात.”

साहेब दुष्ट नव्हते. त्यांची अडचण खरी होती. शून्य प्रलंबिततेबद्दल त्यांचा सत्कार ठरला होता, शाल घेऊन झाली होती, आणि शालीचं माप बदलता येतं, शून्याचं येत नाही. त्यांनी विचार केला आणि परिपत्रक काढलं. शेरा हा पत्राचाच भाग असल्याने शेऱ्यात नमूद असलेल्या व्यक्ती सदर जोडणीच्या सहलाभार्थी समजण्यात याव्यात. सहलाभार्थींनी मूळ लाभार्थीच्या नळावरून आपला हक्काचा जलवाटा घ्यावा. अशा रीतीनं कोणाचाही अर्ज नामंजूर न होता सर्वांना नळ मिळाला. वेणूआजीला मिळालेला नळ करंजाड्यातल्या एका टॉवरच्या चौथ्या मजल्यावर, अपूर्वच्या आईच्या ओट्यावर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुमुद जिना उतरत होती तेव्हा वेणूआजी जिना चढत होती. डोक्यावर हंडा, काखेत कळशी, हातात परिपत्रकाची प्रत. तिच्या मागून आशालता, बळीराम, कोमल. वॉचमननं रजिस्टर पुढे करून भेटीचं कारण विचारलं तर सगळ्यांनी एकच कारण सांगितलं होतं, आणि त्यानं ते ‘पाहुणे, पाणी’ असं लिहून घेतलं होतं.

बिल्डिंग हादरली. इंद्रजीत हे मवाळ, सुशिक्षित गृहस्थ होते. माणसांना पाणी नाही म्हणणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांनी फक्त नोटीस लावली, की शेऱ्यातील व्यक्तींनी मालवाहू लिफ्टचा वापर करावा, हंडा फरशीवर घासू नये आणि रहिवाशांशी अनावश्यक संभाषण टाळावे. ती नोटीस वाचून तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी आपल्या मुलीला शेऱ्यातल्या मुलांशी खेळायचं नाही असं बजावलं. इकडे मंडळात नवे अर्ज येऊ लागले ते सगळे अ नावाचे. चांगले कर्ते पुरुष अर्जापुरते अमेय आणि अद्वैत झाले. बळीरामनं राजपत्रात नाव बदलून अबळीराम करायचं का, याची चौकशी केली.

वेणूआजीला कुमुदनं चौथ्या मजल्यापर्यंत जाऊ दिलंच नाही. पहिल्या मजल्यावर आपल्याच घरात बोलावलं, चहा टाकला आणि हंडा मोरीतल्या नळाखाली लावला. नळ धो धो कोसळला. हंडा भरायला चहाला उकळी यावी लागली नाही.

“तुमचा नल दांडगा हाय, बाय,” वेणूआजी म्हणाली.

“टाकी उंच आहे ना, आजी,” कुमुद म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं.

टाकी उंच होती. पण टाकीत पाणी चढायचं कारण खाली, मीटरच्या खोलीशेजारी, जाळीच्या कपाटात होतं. तिथे एक यंत्र मंडळाच्या मुख्य लाइनीलाच थेट जोडलेलं होतं, आणि पाणी यायच्या वेळेला लाइनीत असेल नसेल ते ओढून घेत असे. असं यंत्र लावायला मंडळाची सक्त मनाई होती, म्हणून बिल्डिंगमध्ये त्याला कोणी नावानं हाक मारत नसे. त्याला ‘सोय’ म्हणत. सोय चालू झाली का, सोय आज जरा जास्त आवाज करतेय, सोयीच्या दुरुस्तीची वर्गणी द्यायची राहिली आहे. कुमुद मंडळात कामाला असूनही तिला सोयीचं खरं नाव आठवत नसे. सकाळी खालून घुं घुं सुरू झालं की ती मोरीतला निळा ड्रम सरळ करी आणि आठवणीनं विसरून जाई.

चहा पिता पिता वेणूआजीनं सांगितलं, की तिची नात मनस्वी हिचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलंय. हळद घरच्याच अंगणात. तिला फक्त एक गोष्ट हवी होती: मनस्वीच्या हळदीच्या न्हाणाचं पाणी दारातल्या नळाचं.

“टँकरच्या पान्यान पोर न्हायाची नाय. माजे हलदीला आमच्या विहिरीचं पानी होतं.”

“मग आता विहीर?”

“हाय ना. तुमच्या पार्किंगखाली.” आजीनं हे कुणी पत्ता सांगावा तसं सांगितलं, आणि बशी पालथी घातली. “चहा बेस झालाय.”

कुमुदनं हंडा स्वतः खाली नेऊन दिला. सोयीच्या कपाटाजवळून जाताना ती उगाचच मोठ्यानं हवापाण्याबद्दल बोलत राहिली.

गावठाणातल्या तक्रारी मंडळात वर्षानुवर्षं पोचत होत्या. टॉवरमधली एक तक्रार मात्र जेवणाच्या सुट्टीआधी पोचली, की आमच्या फरशीवर हंड्यांचे वळ उठले. साहेबांनी तातडीनं समिती नेमली. नागरिकांचे प्रतिनिधी म्हणून इंद्रजीतना ‘जलमित्र’ हे पद देऊन घेतलं. कुमुदला सांगितलं, की तांत्रिक बाब समितीला समजेल अशा भाषेत, उदाहरण देऊन मांडा.

उदाहरण तिच्या जिभेवर तयार होतं. एका लाइनीवर सगळी घरं. पहिल्या घरानं लाइनीला थेट काहीतरी लावलं की पुढच्यांचं पाणी ओढलं जातं, आणि पुढच्यांना वाटतं पाणी आलंच नाही. लेखनिक नेमकं तेच करतो. याहून चपखल उदाहरण पृथ्वीवर नव्हतं, निदान नळजोडणी मंडळात तरी. ती बोलायला उभी राहिली. समोर इंद्रजीत. त्यांच्या शेजारी खारघरच्या टॉवरमध्ये राहणारे विश्वजीत साहेब. पलीकडे लेखाधिकारी, त्यांची बिल्डिंग नवीन पनवेलला. सगळ्यांचे चेहरे भरल्या टाकीसारखे शांत. कुमुदनं उदाहरण बदललं.

“समजा,” ती म्हणाली, “एक शहाळं आहे आणि त्यात दोन स्ट्रॉ आहेत.”

समितीला शहाळ्याचं उदाहरण फार आवडलं. लगेच शहाळी मागवण्यात आली. चर्चेअंती असं ठरलं, की मोठ्या शहाळ्यामुळे गोंधळ होतो, तेव्हा लहान लहान शहाळी करावीत. म्हणजे प्रत्येक यादीत एकच नाव ठेवावं. खायला दुसरं नावच नसेल तर लेखनिक खाईल काय? कुमुद म्हणाली, की मग इतक्या याद्याही जलदूताला कुणीतरी एकामागून एक द्याव्या लागतील. त्यावर साहेबांनी याद्यांची यादी करायचा हुकूम दिला.

याद्यांची यादी जलदूताच्या तोंडाशी धरली. त्यानं पहिली यादी वाचली, लेखनिकाला उठवलं, लेखनिकानं विचारलं, शेरा? आणि उरलेल्या याद्या पिऊन टाकल्या. त्या दिवशी अमेय नावाच्या एका गृहस्थांच्या जोडणीपत्राखाली शेरा निघाला: ‘यादी दुसरी, यादी तिसरी, यादी चौथी’ आणि अशाच पुढे. परिपत्रकानुसार त्या सर्व याद्या सहलाभार्थी ठरल्या, आणि त्यांनी ओळखपत्राच्या साक्षांकित प्रतीसह हजर राहावं अशा नोटिसा रवाना झाल्या. मुदतीत एकही यादी हजर झाली नाही. त्यांना एक शेवटची संधी देण्यात आली.

मग मात्र कुमुदनं कोणाला विचारलं नाही. तिनं जलदूत उघडला आणि लेखनिकाला उठवायच्या ओळीत थोडी भर घातली: याला उठवताना याच्या तोंडाला आपली नळी द्यायची नाही, रिकामी द्यायची. म्हणजे त्यानं विचारलं, शेरा? तर पलीकडून काही येत नाही, आणि तो तोंड पुसून निघून जातो. एवढंच. भाजीला फोडणी द्यायला लागतो त्याहून कमी वेळ हे लिहायला लागला. आपण हे पहिल्याच दिवशी का नाही केलं, याचं तिच्याकडे उत्तर होतं. पहिल्या दिवशी कुणाचं काही अडलं आहे असं दिसलंच नव्हतं. पडद्यावर शून्य होतं, घरी ड्रम भरलेला होता.

दुसऱ्या सकाळी जुने सगळे अर्ज पुन्हा लावले. पत्रांमागून पत्रं निघाली. आशालता. कोमल. बळीराम, अ न जोडलेला. बुधाजी. मितेश. आणि शेवटी वेणू घरत, शेरा कोरा. कुमुदनं ते पत्र हातात धरलं आणि तिला चक्क रडू आलं. साहेबांना हे ‘जलदूत दोन’ वाटलं. पुन्हा हार आला, पुन्हा नारळ. या वेळी कुमुदनं कीबोर्डावर नॅपकिन टाकला. मनस्वीच्या हळदीच्या सकाळी, वेणूआजीच्या दारात, नव्या योजनेतल्या पहिल्या नळाचं उद्घाटन करायचं ठरलं. साहेबांची शाल अखेर उपयोगी आली.

त्या सकाळी नाल्यापलीकडे सगळं सजलं होतं. मांडव, आंब्याचे डहाळे, बायकांची गाणी. अंगणात न्हाणाचा पाट मांडलेला, त्यावर मनस्वी पिवळ्या पातळात बसलेली, चेहऱ्यावर हळद आणि कानामागे मोबाइल. नव्या नळाला झेंडूची माळ. खाली घासूनपुसून लख्ख केलेलं घंगाळ. साहेब आले, जलमित्र इंद्रजीत आले, आणि आईच्या कडेवरून अपूर्व आला, कारण मूळ लाभार्थी तोच होता. त्याला खालचे दोन दात आले होते.

वेणूआजीनं हळदीच्या हातानं नळ सोडला.

नळ खाकरला. थोडी हवा सोडली. मग गप्प झाला.

साहेब म्हणाले, की नवीन जोडणीला सुरुवातीला असं होतं. लेखाधिकारी म्हणाले, उताराचा प्रश्न असतो. इंद्रजीत म्हणाले, भरतीच्या वेळी खाडीचा दाब येतो, त्याचाही परिणाम होत असावा. एवढ्यात एका पाठोपाठ एक मोबाइल वाजले. आधी इंद्रजीतांचा, मग कुमुदचा. बिल्डिंगच्या ग्रुपवर निरोप होता: सोय चालू केली आहे, सर्वांनी भरून घ्यावे. साहेबांच्या खिशातही काहीतरी वाजलं. त्यांनी ते न बघताच बंद केलं.

गाणी थांबली होती. पाटावरची मनस्वी म्हणाली, “आजी, ऱ्हाऊ दे. टँकर बोलव.”

वेणूआजीनं तिच्याकडे पाहिलं नाही. ती नळापाशी बसली आणि हळदीचा अंगठा तिनं नळाच्या तोंडाला लावला, आत काही अडकलंय का बघायला. अंगठा चिकटला. तिनं ओढला तेव्हा फट्‌ असा आवाज आला. तिनं पुन्हा लावला. पुन्हा चिकटला.

“बाय,” ती कुमुदला म्हणाली, “बघ गं. ह्यो पानी देत नाय. ह्यो तर ओढतोय.”

कुमुद खाली बसली. तिनं आपला अंगठा लावला. नळ आतल्या बाजूला श्वास घेत होता, संथ, न थकता, नाल्याखालून, रस्त्याखालून, एका झाकलेल्या विहिरीशेजारून, जाळीच्या कपाटापर्यंत. तिकडे या घटकेला तिच्या मोरीतला निळा ड्रम भरत आला असणार. काही बोलायचं नाही असं ठरवलेलं नसतानाही सगळं अंगण तेवढ्यापुरतं कामात दिसत होतं. कोणी मांडवाची दोरी तपासत होतं, कोणी अपूर्वची लाळ पुसत होतं.

“नव्या पाइपात पोकळी राहते,” साहेब वरून म्हणाले. “आपण समिती नेमू. कुमुदताई, तुम्ही जरा त्यांना तुमचं ते शहाळ्याचं उदाहरण देऊन समजावून सांगा.”

कुमुद उठली नाही. अंगठ्याला हळद लागली होती. ती तिनं पदराला पुसली नाही.

“शहाळं नाही, सर,” ती म्हणाली. “मोटर आहे. लाइनीला थेट लावलेली. आपल्या सगळ्यांच्या घरी आहे.”